पारासमोरचं पाळणाघर

वैनी, पाळणाघर मी मारुतीच्या पारासमोर मांडलं, आणि मग रोज सकाळी त्याच पारावर बसून, एखादी तरी बाई लेकरू घेऊन येते का, याची वाट बघत राहिलो.

हे वाक्य इतकं सरळ मी तुमच्यासमोर कधी म्हटलं नाही. म्हणायला लागलो की आधी थोडं पाल्हाळ, मग एखादी फिरकी, मग मुद्दा गायब. आणि तुम्ही सुपातलं निवडता निवडता, मान वर न करता म्हणायच्या, "बरं, पुढं?" आता पुढं विचारणारं कोणी नाही, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं.

काल तुमचं तेरावं झालं. जेवणाआधी दोन शब्द बोला म्हणून लोकांनी मलाच उभं केलं. तुमचा दीर, आणि तोंडाळ म्हणून गावात नाव. मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि सवयीनं पहिलंच वाक्य असं टाकलं की अर्धी पंगत हसली. तेराव्याची पंगत, वैनी! तुमच्या ज्ञानूनं मान खाली घातली. तुमची सून रेखा हातातलं पातेलं तिथंच ठेवून आत निघून गेली. मी पुढचं काही न बोलता बसलो. जे बोलायचं राहिलं ते हे. लिहून काढतोय, कारण लिहिताना समोर पंगत नसते.

अंगणवाडीला जोडून पाळणाघर मंजूर झालं तेव्हा मी पंचायतीत सदस्य होतो. अगदी तान्ह्या लेकरांपासूनची पोरं दिवसभर सांभाळायची, खाऊ घालायची, झोपवायची. खर्च सगळा सरकारचा. आयांनी बिनघोर कामाला जावं. जागा ठरवायचं काम मी मागून घेतलं. दोन जागा होत्या. शाळेमागची जुनी पत्र्याची खोली, शेताकडं जाणाऱ्या पांदणीच्या तोंडाशी. आणि पारासमोरचं नवं सभागृह. सभागृहाला फरशी होती, पंखे होते. मी भिंतीवर हत्ती काढून घेतला. सरकार पैसा देतंय तर लेकरांनी पत्र्याखाली कशाला तापावं, असं माझं म्हणणं. ते भाषणात चांगलं वाटायचं.

तुम्ही तेव्हाच म्हणालात, "शाळेमागं बरं होतं, भाऊजी."

"काहून?"

"काहून म्हंजे? बायांला तिकून जाता येतं."

"रस्ता इकडून बी हाय की. डांबरी हाय."

नासलेल्या दुधाकडं बघावं तसं तुम्ही माझ्याकडं बघितलं आणि उठून गेलात. मला वाटलं, मी वाद जिंकला.

आपल्या गावात सून पारासमोरून चालली की पायातली चप्पल काढून हातात घेते, पदर डोक्यावर ओढते आणि मान खाली घालून पुढं जाते. जन्मभर हे माझ्या डोळ्यांसमोर होत आलं, म्हणून मला ते कधी दिसलंच नाही. आता हळद काढायच्या दिवसांतली सकाळ घ्या. बाईच्या कडेवर लेकरू, खांद्याला त्याच्या दुपट्या-लंगोटांची पिशवी, एका हातात भाकरीचं फडकं. पदर कोणत्या हातानं ओढायचा आणि चप्पल कोणत्या हातात धरायची? आणि समोर पारावर कोण? सासरा, चुलत सासरा, सासऱ्याचे दोस्त, आणि त्यांच्या मधोमध चहाची कपबशी घेऊन, पाळणाघराच्या यशाची वाट बघणारा मी.

बाया आल्या नाहीत. अंगणवाडीच्या शोभाताई हत्तीखाली एकट्या बसून राहायच्या. मी पारावर एकेक कारण काढत होतो. बायांना समज नाही. बायांना भीती वाटते. प्रचार कमी पडला. प्रचारासाठी मी देवळाच्या भोंग्यावरून पहाटे पुकारा सुरू केला, "माता-भगिनींनो!" माझ्याच आवाजात. त्यानं रेखाचा बाळ्या दचकून उठायचा आणि मग दिवसभर किरकिर करायचा, हे तुम्ही मला फार नंतर सांगितलंत. म्हणजे बायांची सोय करता करता मी त्यांची झोपसुद्धा घालवली.

खरी गरज तुमच्याच घरात होती, आणि तीच मला दिसली नाही. रेखा बारावी झालेली. बाळंतपणाआधी ती डोंगरकडा गावाला हळदीच्या गोदामात कामाला जायची. काट्यावर माल चढला की वजन टिपायची. बसून करायचं काम, सावलीतलं, वर्षभराचं. मालकानं निरोप दिला होता की हंगाम सुरू व्हायच्या आत ये, तोवर जागा धरतो. गाव म्हणायचं, सासू हाय की घरी लेकरू बघायला. पण सासू घरी कुठं होती? दादा गेल्यापासून तुम्ही तांड्यावरच्या सोजरबाईच्या टोळीत होत्या. सोजरबाई टोळीची मुकादम, तोंडानं फटकळ. तिच्यासोबत दिवसभर उन्हात बसून हळदीचे गड्डे मोडायचे, कंद वेगळे करायचे. संध्याकाळी तुमचे हात कोपरापर्यंत पिवळे. तरी गावाच्या हिशेबात तुम्ही घरीच.

शेवटी एक दिवस रेखा आली. पहिली आणि त्या हंगामातली शेवटची. बाळ्या कडेवर, पिशवी खांद्यावर, चप्पल आणि पदराचं टोक एकाच मुठीत. सून समोरून जाताना सासऱ्यानं दुसरीकडं बघावं, एवढी तरी रीत मला माहीत होती. पण पारावर माणसं होती आणि माझ्या जिभेला खाज. मी तिच्याकडं न बघता, पण तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "घ्या, पहिलं लेकरू सरकारजमा झालं!"

पार हसला. कोणीतरी टाळी दिली. रेखा आत गेली, बाळ्याला शोभाताईंकडं दिलं, बाहेर आली, पुन्हा चप्पल हातात, पुन्हा मान खाली. दुसऱ्या दिवशी आली नाही. गोदामातली जागा दुसऱ्या पोरीला मिळाली.

त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही ओसरीवर येऊन बसलात. मला वाटलं, आता खैर नाही. पण तुम्ही रागावला नाहीत, आणि मला त्याचंच जास्त भ्या वाटलं.

"भाऊजी, सकाळी आमची टोळी पुलापाशी टेम्पोची वाट बघत बसती. तुमी डोक्यावर उपरणं घ्या, चप्पल हातात घ्या, कडेवर वजन घ्या, अन् मान खाली घालून आमच्यासमोरून जाऊन दाखवा."

"वजन कशाचं घेऊ?"

"काय बी घ्या. पन लेकराएवढं पाहिजे, अन् वळवळ करणारं पाहिजे."

मला अशा गोष्टीला नाही म्हणता येत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी शेळीचं करडू घेतलं. पुलाच्या कठड्यावर बाया ओळीनं बसलेल्या. खाली खडी. करडानं आधी माझं उपरणं चघळलं, मग ओरडायला लागलं, मग धोतर ओलं केलं. एक म्हणाली, "गोजिरं हाय गं! बापावर गेलंय." दुसरी म्हणाली, "आवाज बी बापाचाच हाय." आणि सोजरबाईनं टेम्पो थांबला तरी चढायचं सोडून विचारलं, "काय तात्या, सरकारजमा करायला चालले का?"

बाया लोटपोट हसल्या. मी पण हसलो. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. तुम्ही माझ्या पायांकडं बघत होत्या. खडी टोचत होती, हे खरं आहे. शेवटच्या बाईसमोरून जाताना माझे कान तापले होते, हेही खरं आहे. पूल संपेपर्यंत मला वाटत होतं की कधी एकदा पलीकडं पोचतो. क्षणभर मला सगळं कळलं होतं, वैनी. त्याच दिवशी मी पाळणाघर हलवायला पाहिजे होतं.

त्याऐवजी मी पारावर जाऊन तो किस्सा सांगितला.

करडाचा आवाज काढून सांगितला. लोकांनी डोळे पुसले. मग पुसेगावचे पाहुणे आले, त्यांना सांगितला. एका लग्नात मांडवाच्या दारात सांगितला. दर वेळी करडू थोडं मोठं व्हायचं आणि धोतर जास्त ओलं. एवढं सगळं होत असताना पाळणाघर होतं तिथंच राहिलं. हळद निघाली, शिजली, वाळली, बाजारात गेली. ज्यांची लेकरं लहान होती त्या बाया त्या हंगामात घरीच राहिल्या, आणि त्यांच्या जागी टोळीत दुसऱ्या आल्या. तुम्ही मला चालून दाखवायला लावलं ते मला कळावं म्हणून. मी त्याची करमणूक केली. पोट भरून हसलेल्या माणसाला वाटतं, आपलं काम झालं. माझं आयुष्यभर असंच झालेलं आहे.

त्या हंगामाच्या शेवटाला तालुक्याहून मॅडम आल्या. लेकरंच नाहीत म्हटल्यावर पाळणाघर दुसऱ्या गावाला द्यावं लागेल, म्हणाल्या. सभागृहात मी खुर्ची पुढं केली, चहा मागवला आणि सांगितलं, "मॅडम, आमच्याकडं एकत्र कुटुंबं. घरोघर आज्या हायेत. पाळणाघराची तशी गरजच पडत न्हाई."

तुम्ही दारात उभ्या होत्या. टोळीतून परस्पर आलेल्या, हात तसेच पिवळे.

"आजी म्हंजे काय सरकारी योजना हाय का, भाऊजी? मंजूर झाली अन् गावाला फुकट भेटली?"

मॅडमना हसू आलं. तुम्हाला आलं नाही. तुम्ही त्यांना म्हणालात, "बाई, माझ्यासंगं चला, जागा दाखवते." आणि पारासमोरून न जाता, मागच्या गल्लीतून, पांदणीनं शाळेमागं घेऊन गेलात. त्या खोलीचं दार शेताकडं उघडतं. टोळीचा टेम्पो तिथून दोन हाकांवर. पारावरून ते दार दिसत नाही. मॅडम म्हणाल्या, "ही जागा आधी का नाही घेतली?" मी त्यांच्या मागून खुर्च्या घेऊन चाललो होतो. खुर्च्या डोक्यावर असल्या की उत्तर द्यावं लागत नाही.

दिवाळीनंतर पाळणाघर तिथं गेलं. हत्ती भिंतीवरच राहिला. वेळही तुम्ही बदलून घेतली. दहाला उघडून काय उपयोग, टोळी उजाडताच निघते. शोभाताईंना मदतनीस पाहिजे होती, तुम्ही टोळी सोडून तिथं लागलात. आठवड्याभरात खोली भरली. तांड्यावरची लेकरं आली, आपल्या गल्लीतली आली, बाळ्या आला. रेखा सोजरबाईच्या टोळीत तुमच्या जागेवर गेली. गोदामातली खुर्ची गेली ती गेलीच. बारावी झालेली पोरगी उन्हात गड्डे मोडायला बसली. मला ती अजून एक शब्द वाईट बोललेली नाही. वाईट बोलली असती तर त्याचाही किस्सा झाला असता, हे तिनं ओळखलं असावं.

त्या खोलीतली एक दुपार मला विसरता येत नाही. सगळी लेकरं झोपलेली. तुम्ही पाय लांब करून बसलेल्या, बाळ्या तुमच्या पायांवर, पाय डावीकडं-उजवीकडं हलताहेत. मी सहज डोकावलो होतो. तुम्ही हळू आवाजात म्हणालात,

"भाऊजी, ज्ञानू एवढा होता तवा मला अंगनवाडीची नोकरी आली होती. ध्यानात हाय का?"

"हाय की. तुमी सातवी का आठवी झाल्या होत्या. गावात तेवढं शिकलेली दुसरी कोणी नव्हती."

"घेतली न्हाई मी."

"घरात लेकरू बघायला कोणी न्हाई, असं आई म्हनली होती."

"व्हय. माय शेतात, तुमचे दादा शेतात." पाय हलतच होते. "तुमी कुठं होते तवा?"

"मी?" मी म्हटलं. "मी घरीच होतो."

 बाळ्याच्या कपाळावरचा घाम पदरानं टिपलात.

मी घरीच होतो, वैनी. बी.ए. झालेला, नोकरीची वाट बघणारा, सकाळपासून बाजेवर आडवा, तोंडावर पेपर. लेकरं सांभाळायची नोकरी तुम्ही लेकरू सांभाळायला कोणी नाही म्हणून सोडली, आणि तेव्हा घरात एक धडधाकट माणूस दिवसभर लोळत होता. आईला मी दिसलो नाही. दादाला दिसलो नाही. मला मी दिसलो नाही. तुम्ही भाकरी थापून शेतात जायच्या तेव्हा ज्ञानूला जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बाजेच्या पायाला बांधून जायच्या, दाराबाहेर जाऊ नये, आडाकडं जाऊ नये म्हणून. ज्या बाजेवर मी, त्याच बाजेच्या पायाला. तो ओढायचा, बाज हलायची, आणि मी ओरडायचो की मला वाचू देईना झालंय हे पोरगं.

तुम्हाला मी तरी दिसलो असेन. पण दिराला लेकरू धरायला सांगावं, असं त्या घरात कोण म्हणणार होतं? तुम्ही म्हणाला नाहीत. मला गरम भाकरी वाढून गेलात. नोकरी लागेपर्यंत वर्षानुवर्षं वाढलीत. एकदा सुद्धा ताट आदळलं नाही.

आपला वाद तसाच राहिला. मी म्हणायचो, सरकारनं कशाकशात पडावं? लेकरं सांभाळणं ही घरची गोष्ट. तुम्ही म्हणायच्या, "घर म्हंजे कोण, ते सांगा. नाव घेऊन सांगा." मी नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर तुमचं घ्यावं लागलं असतं, मग रेखाचं, मग आईचं. आणि मग कधीतरी माझं. त्या दुपारी तुमच्या पायांपाशी बसून म्हणायला पाहिजे होतं की मी होतो घरी, मी बघितलं असतं ज्ञानूला, तुम्ही जायला पाहिजे होतं. म्हणालो काय? "चहा घेता का?" तुम्ही म्हणालात, "नको, लेकरू उठंल."

माघात तुम्हाला धाप लागायला लागली. दोन लेकरं दोन कडेवर घेऊन उंबरा चढताना तुम्ही थांबायच्या. हिंगोलीला दाखवून येऊ म्हटलं तर म्हणायच्या, "हळद निघू द्या. आता खोली बंद पडली तर बाया माघारी फिरतील." मी एकदा म्हटलं, दोन दिवस दुसरं कोणी बघंल. तुम्ही विचारलंत, "कोण?" मी पुन्हा नाव घेतलं नाही. हळद निघायची होती तेवढ्यात तुम्ही गेलात.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून खोली उजाडता उघडत नव्हती. शोभाताई एकट्या, तान्ही लेकरं, रांगणारी लेकरं, खिचडी, पाणी, सगळं एका बाईला जमत नाही. नवी मदतनीस नेमायला वेळ लागेल म्हणाले. तोवर आया माघारी. सोजरबाईनं दोन बायांच्या जागा अजून भरल्या नव्हत्या, त्यांतली एक रेखाची. पण सुतक फिटल्यावर त्याही भरणार, असं तिनं सांगून टाकलं होतं. टेम्पो कोणासाठी थांबत नाही.

म्हणून आज सकाळी मी गेलो. नेमणूक नाही, मानधन नाही, मदतनीस येईपर्यंत. ज्ञानूला वाटलं, मी दुःखानं भ्रमलो. पारावरच्या एकानं विचारलं, "तात्या, आता बायकांत बसून राहिले का?" माझ्याकडं उत्तर तयार होतं, चांगलं होतं. गिळलं.

मी अंगण झाडलं. पाण्याचा हंडा भरला. शोभाताईंनी एक रांगणारं लेकरू माझ्या ताब्यात दिलं, ते पायरीवरून पडता पडता राहिलं. दुसऱ्यानं माझा चष्मा काढला. मग रेखा आली. बाळ्या कडेवर, गालावर सुकलेलं पाणी. तो तुम्हाला शोधत असतो, दाराकडं बघत असतो. शोभाताईंच्या दोन्ही हातांत लेकरं. रेखानं माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं माझ्याकडं असं सरळ पहिल्यांदाच बघितलं असेल. बाहेर टेम्पोचा हॉर्न वाजत होता. तिनं बाळ्याला आपल्या छातीशी घट्ट धरलं, मग एकदम माझ्या हातात दिलं आणि मागं न बघता पळत गेली.

बाळ्यानं आई दिसेनाशी होताच गळा काढला. मी त्याला खांद्यावर घेतलं, उतरवलं, पुन्हा घेतलं. हाताला ओलं लागलं, पण मला वाटलं पाण्याचं असेल. पाय लांब करून त्याला पायांवर घेतलं, तुमच्यासारखं. तो माझ्या पायांवरून घसरला. काहीच सुचेना तेव्हा मला जे एकच येतं ते मी सुरू केलं. म्हटलं, "रडू नको रे राजा, ऐक. एकदा काय झालं, तुझ्या या आज्यानं एक करडू कडेवर घेतलं..." करडाचा आवाज पण काढला. तो ऐकून बाकीची लेकरं सुद्धा रडायला लागली.

टेम्पो अजून निघाला नव्हता. सोजरबाई खाली उतरली, फाटकापर्यंत आली, आणि सगळ्या टोळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"तात्या, किस्सा राहू द्या. आधी त्याचं ढुंगण धुवा."